परतीची खिंड

जुन्या बखरी वाचणाऱ्याला ‘रूमशाम’ हा शब्द ओळखीचा असतो. जगाच्या पार टोकाला असलेल्या मुलखासाठी आपले बखरकार तो एका दमात लिहून जातात. प्रत्यक्षात ते दोन मुलूख. शाम म्हणजे सीरिया. रूम म्हणजे रोमन साम्राज्याचा पूर्वेकडे टिकून राहिलेला भाग. कॉन्स्टँटिनोपल ही त्याची राजधानी, आणि आज आपण त्याला बायझंटाईन साम्राज्य म्हणतो. या दोहोंच्या मध्ये टॉरस पर्वताची रांग आडवी पडली आहे. आपल्याकडे एका शब्दात जोडून टाकलेल्या रूम आणि शाम यांच्या मधल्या खिंडींतून दहाव्या शतकात जवळपास दरवर्षी फौजा जात होत्या. त्या नेणाऱ्यांमध्ये सगळ्यात जिद्दी होता हलबचा अमीर अली, हमदान घराण्यातला. इतिहासात तो सैफुद्दौला, म्हणजे ‘राज्याची तलवार’, या किताबाने ओळखला जातो. हलब म्हणजे आजचे आलेप्पो.

सैफुद्दौला जन्मला ९१६ साली. घराणे तघलिब या अरब टोळीतले, मोसुलच्या बाजूचे. बगदादचे खलिफा तोपर्यंत नावापुरते उरले होते. खरी सत्ता ज्याच्या हाती फौज त्याची. ९४२ मध्ये खलिफाने दोघा हमदानी भावांना किताब दिले. थोरला हसन नासिरुद्दौला झाला आणि मोसुल त्याच्याकडे राहिले. धाकट्याला स्वतःचे काही हवे होते. ९४४ मध्ये त्याने हलब घेतले. दमास्कसही हवे होते, पण तिथे इजिप्तच्या इख्शिदी राज्यकर्त्यांनी त्याला रोखले. दक्षिणेची वाट बंद, पूर्वेला भाऊ. उरली उत्तर. उत्तरेला रूम होते.

दोघांच्या ताकदीची तुलनाच होऊ शकत नव्हती. एका बाजूला शेकडो वर्षांची महसूल व्यवस्था, पगारी फौज, लोखंडी चिलखतातले घोडेस्वार आणि एका हुकमावर हलणारे प्रांत. दुसऱ्या बाजूला उत्तर सीरियातला एक अमीर. त्याचे खरे बळ म्हणजे विकत घेऊन वाढवलेले तुर्की गुलाम-स्वार आणि भरवसा न देता येणाऱ्या वाळवंटी बेदुईन टोळ्या. ९४५ मध्ये बगदादच बुयी सरदारांच्या ताब्यात गेले. तिथून मदतीची आशा धरण्यात अर्थ नव्हता. शिवाय सरहद्द आधीच खचलेली होती. रूमचा सेनापती जॉन कुर्कुआस याने ९३४ मध्ये सरहद्दीवरचे मलात्या घेतले होते. पुढच्या वीस वर्षांत सैफुद्दौलाने जे केले ते या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्याच्या छातीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. जे काम एका अख्ख्या खिलाफतीचे होते, ते त्याने एकट्याच्या अंगावर घेतले होते.

स्वाऱ्यांचे वेळापत्रक त्याच्याही आधीचे. खिलाफतीतल्या कुदामा नावाच्या अधिकाऱ्याने ते लिहून ठेवले आहे. वसंतातल्या गवतावर घोडे पोसले गेले की १० मेच्या सुमारास निघायचे आणि तीस दिवसांत परतायचे. घोड्यांना विश्रांती देऊन १० जुलैला पुन्हा निघायचे, या वेळी साठ दिवसांसाठी. हिवाळ्यात जायचेच झाले तर फेब्रुवारीच्या अखेरीला, आणि तेही वीसेक दिवसांपुरते. आपल्याकडे पावसाळाभर छावणी करून दसऱ्याला शिलंगण करायचे आणि मुलूखगिरीला बाहेर पडायचे, तशीच ही रीत. ऋतू, चारा आणि घोड्याचे पोट हेच तिचे पंचांग.

या स्वाऱ्यांवर सरहद्दीवरची गावेच्या गावे जगत. त्यांत तारसूस मुख्य. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल सांगतो, की सिजिस्तानपासून मघरिबपर्यंतच्या मोठमोठ्या शहरांनी तारसूसला आपापली घरे बांधून ठेवली होती. धर्मयुद्धाला आलेले त्या त्या शहराचे लोक तिथे उतरत आणि त्यांचा खर्च दूरवरच्या दानावर चाले. अशा गावात स्वारी हा धर्म असतो, रोजगार असतो आणि मानाचा विषयही असतो. पळवलेली जनावरे आणि माणसे बाजारात येत, खानदानी कैद्यांसाठी खंडणी घेता येई. उलट बाजूनेही हेच चाले. डोंगरापलीकडच्या कॅपाडोशियातल्या शेतकऱ्याला काय नि अलीकडच्या मराशजवळच्या शेतकऱ्याला काय, उन्हाळा आला की डोंगराकडे डोळे लावून बसावे लागे.

सैफुद्दौलाला मात्र जनावरे आणि कैदी पुरेसे नव्हते. ९४० च्या सुमाराला, हलब मिळण्याच्याही आधी, तो आर्मेनियातून पुढे सरकत रूमच्या कोलोनियापर्यंत जाऊन आला होता. इतक्या आत अरब फौज कित्येक वर्षांत गेली नव्हती. त्या स्वारीची चव त्याच्या तोंडात राहिली असावी. ९५० मध्ये, अरब लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे ३०,००० माणसे घेऊन, तो पुन्हा निघाला. तारसूसचे ४,००० लोक त्याला येऊन मिळाले. मोठी तयारी होती आणि सुरुवात फार चांगली झाली. खारसियानॉन प्रांतात गावे जळाली, किल्ले पडले, रूमची फौज समोर आली तिलाही त्याने हरवले. आत जाणे इतके सोपे गेले, की कुणाला तरी शंका यायला हवी होती.

आत जाणाऱ्याला तिथे फारसे कुणी अडवतच नसे. का, ते एका ग्रीक ग्रंथात स्पष्ट लिहिलेले आहे. सरहद्दीवरच्या चकमकींवरचा हा ग्रंथ निकिफोरस फोकास याच्या टिपणांवरून तयार झाला. बार्डास फोकास हा बाप आणि निकिफोरस, लिओ, कॉन्स्टंटाईन ही त्याची तीन मुले: कॅपाडोशियाचे हे फोकास घराणे म्हणजे सैफुद्दौलाचे जन्माचे वैरी. बार्डास ९४५ पासून सरसेनापती होता. ग्रंथात सांगितले आहे ते असे. उंच डोंगरांवर तीन-चार मैलांच्या अंतराने टेहळणीच्या चौक्या ठेवा. शत्रू दिसला की एका चौकीने दुसरीला कळवायचे. गावे वेळेवर मोकळी करा, माणसे आणि गुरे किल्ल्यांत आणि डोंगरांत न्या. मग शत्रूच्या मागे मागे राहा. तो पांगला, लुटीला गेला की त्याच्या टोळ्या एकेकट्या गाठा. आणि मुख्य घाव घाला तो परतताना. येणारा शत्रू ताजातवाना असतो, सावध असतो. परतणारा थकलेला असतो. त्याच्या घोड्यांचे खूर झिजलेले असतात, त्याच्यामागे बैल, मेंढ्या आणि साखळीत बांधलेली माणसे असतात, आणि त्याचे मन केव्हाच घरी पोचलेले असते. अशा वेळी आधी जाऊन खिंड धरा. पाणी धरा.

मराठी वाचकाला हे वाचताना चमकल्यासारखे होते. हा तर गनिमी कावा! १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची जी गत झाली, तिची तर ही कृतीच लिहून ठेवल्यासारखी आहे. फरक एवढाच, की उंबरखिंडीत खिंड धरणारा दुबळा होता आणि अडकणारा बलाढ्य. टॉरसमध्ये बलाढ्य साम्राज्यानेच दुबळ्याची युद्धपद्धती उचलली होती. आपल्याकडे गनिमी कावा म्हटले की लहान राज्याचे हत्यार डोळ्यांपुढे येते, आणि त्यामुळे मोठा शत्रू नेहमी जाडजूड, मंद आणि गर्विष्ठ असणार असे आपण धरून चालतो. फोकास घराणे तसे नव्हते. ते सरहद्दीवरच वाढले होते. त्यांना कोणता ओढा कुठल्या महिन्यात आटतो ते ठाऊक होते, आणि साम्राज्याची तिजोरी त्यांच्या पाठीशी होती. डोंगर ओळखणारा माणूस आणि न संपणारा पैसा एकत्र आले, की समोरच्याचे काय होणार?

९५० च्या नोव्हेंबरमध्ये ते दिसले. तारसूसचे लोक आधीच आपल्या वाटेने घरी निघून गेले होते. सैफुद्दौला लूट घेऊन परत येत होता आणि टॉरसच्या एका अरुंद खिंडीत लिओ फोकास त्याची वाट पाहत होता. वरून दगड, बाण, आणि मागची वाट बंद. सुमारे ८,००० माणसे गेली. अमीर स्वतः कसाबसा निसटला. अरबांनी या स्वारीला ‘संकटाची स्वारी’ असे नाव दिले, आणि ज्या स्वारीची सुरुवात विजयाने झाली होती तिला हेच नाव कायम चिकटले.

त्या स्वारीत त्याच्याबरोबर मुतनब्बी होता. अरबी भाषेतल्या सर्वांत मोठ्या कवींमध्ये ज्याचे नाव घेतले जाते, तोच. सैफुद्दौलाचा दरबार हे त्या काळातले आश्चर्य होते. तत्त्वज्ञ फाराबी तिथे राहिला. अमीराचा चुलतभाऊ अबू फिरास स्वतः कसलेला कवी होता आणि कसलेला लढवय्याही. मुतनब्बी ९४८ मध्ये आला आणि नऊ वर्षे राहिला. तो तंबूत बसून स्तुती लिहिणाऱ्यांतला नव्हता. घोड्यावर बसून स्वारीत जात असे. ९५० च्या पराभवावरही त्याने कविता केली आणि दोष मागे राहून सापडलेल्यांवर टाकला. अमीराचे शौर्य कवितेत शाबूत राहिले.

मला वाटते, सैफुद्दौलाचे यश आणि त्याचा घात या एकाच जागी आहेत. त्याच्या स्वाऱ्या ऐकल्या जात होत्या. अंगणात टाकलेल्या गालिच्यावर हलबमध्ये म्हटलेली कविता लवकरच बगदादला आणि कैरोच्या जागी तेव्हा असलेल्या फुस्तातला पोचत होती. ज्याच्याकडे प्रदेश कमी आणि पैसा तोकडा, त्याला कीर्ती हीच फौज जमवण्याची साधनसामग्री असते. बेदुईन टोळ्या कीर्तीला येऊन मिळत, धर्मयुद्धासाठी निघालेले लोक कीर्तीच्या मागे येत. म्हणून दरवर्षी त्याला काहीतरी मोठे करून दाखवावे लागे. लहान टोळीने जाऊन गुपचूप परत येणे हे शहाणपणाचे असले, तरी त्यावर कसीदा, म्हणजे स्तुतिकाव्य, रचला जात नाही.

पराभवाने मात्र तो खचला नाही, हे त्याच्या बाजूने ठामपणे सांगितले पाहिजे. तीनच वर्षांनी, ९५३ मध्ये, मराशजवळ त्याने खुद्द बार्डासला गाठले. या वेळी परतीच्या वाटेवर कोंडण्याचा रूमचा डाव उलटला. बार्डासच्या चेहऱ्यावर जखम झाली आणि त्याचा धाकटा मुलगा कॉन्स्टंटाईन कैद झाला. हलबच्या कैदेतच तो मेला. पुढच्या वर्षी सैफुद्दौलाने त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम केले. हदस हे खिंडीच्या तोंडावरचे ठाणे रूमने पाडून टाकले होते. ९५४ च्या ऑक्टोबरमध्ये तो तिथे जाऊन बसला आणि पायाचे दगड स्वतःच्या हाताने रचायला लागला. बार्डास मोठी फौज घेऊन धावून आला. अरब लेखक ५०,००० चा आकडा देतात आणि तीत आर्मेनियन, रूस, बल्गार, स्लाव असे सगळे मोजतात. ३० ऑक्टोबरला दिवसभर लढाई चालली. शेवटी सैफुद्दौलाने आपले ५०० निवडक गुलाम-स्वार घेतले आणि थेट बार्डासच्या जागेवर घातले. रूमची फळी फुटली. सेनापतीचा जावई आणि नातू कैद झाले. सैफुद्दौला विजयाचा डंका पिटत लगेच हलबला परतला नाही. तिथेच थांबला, भिंती पूर्ण होईपर्यंत. नोव्हेंबरच्या मध्याला शेवटचा चिरा बसला. मुतनब्बीने या लढाईवर रचलेला कसीदा अरब जगात आजही पाठ असतो.

वीस वर्षांत एवढ्या स्वाऱ्या झाल्या. त्यांतली ही एक अशी, की जिच्यात लुटीपेक्षा दगड रचण्याला जास्त महत्त्व होते. हदससारखी आणखी पाच ठाणी बांधून त्यांत धान्य भरले असते तर, असा विचार मनात येतो. पण त्यासाठी शांतपणे वसूल होणारा महसूल लागतो आणि घर सांभाळणारी माणसे लागतात. पुढच्याच वर्षी, ९५५ मध्ये, कल्ब, किलाब, उकैल अशा टोळ्यांनी त्याच्याविरुद्ध बंड केले. त्याने ते बंड वाळवंटापर्यंत पाठलाग करून मोडले. ज्या शत्रूशी लढायचे तो उत्तरेला, आणि उन्हाळा गेला दक्षिणेत.

रूमनेही या काळात एक निर्णय घेतला. म्हाताऱ्या बार्डासला बाजूला करून निकिफोरसला सरसेनापती केले. इथून खेळाचे रूपच पालटते. निकिफोरसने खिंडी धरण्याचे काम भाऊ लिओकडे ठेवले आणि स्वतः किल्ले घ्यायला निघाला. ९५७ च्या जूनमध्ये हदस पडले. नव्या भिंती तीन वर्षेही उभ्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी मुतनब्बी दरबार सोडून गेला. ९५८ मध्ये रूमचा सेनापती जॉन झिमिस्केस याने फुरात नदीवरचे सुमैसात घेतले आणि राबानजवळ सैफुद्दौलाला हरवले.

मग ९६० उजाडले. निकिफोरस साम्राज्याची मोठी फौज जहाजांवर चढवून क्रीट बेटावर गेला. पूर्व मोकळी पडली, निदान तशी दिसली. सैफुद्दौलासारखा माणूस अशी संधी सोडणे शक्य नव्हते. पुन्हा ३०,००० माणसे, पुन्हा खारसियानॉन, पुन्हा जळणारी गावे आणि दोरखंडाला बांधलेले कैदी. लिओ फोकासकडे या वेळी फारच थोडी माणसे होती. तो समोर आला नाही. आला असता तर चिरडला गेला असता. तो डोंगरात जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर तारसूसचे लोक अमीराकडे आले. त्यांचे आयुष्य त्या खिंडींत गेले होते. खिंड रूमने धरली आहे, आमच्याबरोबर दुसऱ्या वाटेने चला, असे त्यांनी सांगितले. सैफुद्दौलाने ऐकले नाही. अरब इतिहासकार इथे त्याच्यावर कठोर होतात. त्याला आपले मतच प्रिय होते, ते म्हणतात. कुणाच्या सल्ल्याने यश मिळाले असे कुणी म्हणू नये म्हणून तो सल्लाच मोडून काढी. तारसूसचे लोक आपल्या वाटेने सुखरूप घरी पोचले. ८ नोव्हेंबर ९६० रोजी आंद्रासोसच्या खिंडीत अमीराची फौज शिरली. लांबलचक रांग, पुढे अमीर, मध्ये लूट, मागे थकलेले स्वार. सगळे आत आल्यावर लिओने शिंगे वाजवली.

दहा वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा झाली. तोच लिओ, तोच महिना, तीच चूक. साम्राज्याच्या गावांतून पकडून आणलेले कैदी तिथल्या तिथे सुटले आणि बांधणारे बांधले गेले. ग्रीक लेखक लिओ डायकोनस सांगतो, की पाठलाग करणाऱ्यांना थोपवण्यासाठी सैफुद्दौलाने मागे सोन्या-चांदीची नाणी उधळली आणि ती वेचायला स्वार थांबले तेवढ्यात तो निसटला. त्याच्याबरोबर सुमारे ३०० स्वार उरले होते. उत्तर सीरियाची फौज त्या एका दुपारी संपली. पुन्हा तशी फौज त्याला कधीच उभी करता आली नाही.

क्रीट जिंकून निकिफोरस परत आला तेव्हा त्याच्यासमोर दार उघडे होते. ९६२ च्या डिसेंबरमध्ये तो हलबच्या वेशीवर आला. सैफुद्दौलाची मुख्य फौज दुसरीकडे पाठवली गेली होती. हाताशी असलेली माणसे घेऊन तो बाहेर लढला आणि हरून पळाला. शहराबाहेर, कुवैक नदीकाठी त्याचा प्रशस्त महाल होता. कविता तिथेच वाचल्या जात. तो आधी लुटला गेला. मग शहर. हलबचे लोक भिंतीवर शर्थीने लढत होते, पण आत लूटमार सुरू झाली आणि आपले घर वाचवायला माणसे भिंतीवरून उतरली. रिकाम्या भिंतीवर रूमचे सैनिक चढले. फक्त टेकडीवरचा बालेकिल्ला टिकला. आठ-नऊ दिवसांनी निकिफोरस निघून गेला. बरोबर हजारो कैदी होते, त्यांत मुले आणि मुली जास्त. ज्या वाटेने कॅपाडोशियाची मुले सीरियाच्या बाजारात येत होती, त्याच वाटेने आता हलबची मुले उत्तरेला चालली होती.

त्याच वर्षी अबू फिरास मनबिजजवळ सापडला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या कैदेत गेला. तिथून त्याने लिहिलेल्या कविता ‘रूमियात’ म्हणून प्रसिद्ध आहेत. सोडवणूक लांबत चालल्याची तक्रार आणि वृद्ध आईची आठवण त्यांत पुन्हा पुन्हा येते. मुतनब्बीच्या कसीद्यांत स्वारी आहे, या कवितांत स्वारीनंतरचे घर आहे. मला त्या दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

सैफुद्दौलाच्या अंगावरून वारा गेला होता. अर्धे शरीर लुळे पडले. घोड्यावर बसणे संपले आणि तो पालखीतून हिंडू लागला. सरदार उलटले. ९६३ मध्ये निकिफोरस सम्राट झाला, ९६५ मध्ये मस्सीसा आणि तारसूस पडले. देशोदेशीच्या दानावर चालणारी तारसूसची घरे ओस झाली. ९६६ च्या जूनमध्ये सुमैसातजवळ फुरातच्या काठी कैद्यांची अदलाबदल ठरली. रूमकडे कैदी जास्त होते आणि अमीराकडे बदली द्यायला माणसे कमी. उरलेल्यांसाठी त्याने जवळचा पैसा मोजला. अबू फिरास त्या वेळी सुटला. स्वतःच्या चुलतभावाला आधी पैसे देऊन का सोडवले नाही, हा प्रश्न कविता वाचणाऱ्याला टोचतो. इतरांना कैदेत ठेवून आपलाच माणूस सोडवणे अमीराला पटत नव्हते, असे त्याचे उत्तर सांगितले जाते. ते उत्तर मला पटते.

९६७ च्या फेब्रुवारीत तो हलबला वारला. शव मय्याफारिकीनला नेले. तुर्कस्तानात आज ज्याला सिल्वान म्हणतात ते हे गाव. तिथे त्याला आईजवळ पुरले. प्रत्येक स्वारीवरून परतल्यावर अंगावरच्या कपड्यांची धूळ झटकून जमा करायची, असा त्याचा हुकूम होता. त्या धुळीची तळहाताएवढी वीट करून कबरीत त्याच्या गालाखाली ठेवली गेली, असे चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितो.

चकमकींवरचा तो ग्रीक ग्रंथ याच सुमारास पूर्ण झाला. ही युक्ती पूर्वेच्या सरहद्दीवर आता फारशी लागणार नाही, असे त्याच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. ९६९ मध्ये अँटिओक रूमच्या हाती पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच हलबच्या सत्ताधाऱ्यांनी रूमशी तह केला आणि वार्षिक खंडणी कबूल केली. रूमहून येणाऱ्या मालावर हलबमध्ये जकात बसायची. साध्या कापडावरची आणि जनावरांवरची हलबच्या कारभाऱ्यांनी घ्यायची; सोने, चांदी, रेशीम, जरीचे कापड, मोती यांच्यावरची सम्राटाच्या जकातदाराने, हलबच्याच बाजारात बसून. काफिल्यांना खिंडीतून सुखरूप ने-आण करण्याची कलमेही त्या तहात होती.